फुगा टणक, प्लग ओला: गोसेखुर्दच्या पाण्यावर न पेटणाऱ्या मशीनचं प्रकरण

बोटीच्या मशीनची तक्रार फोनवर आली ती एका वाक्यात. "भाऊ, मशीन फिरते पण पेटत नाही. या ना जी, चार दिवस झाले मासोळी डोंग्यानंच आणून राहिलो."

माझं दुकान भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात. रोजचं काम पाण्याचे पंप, फवारणी पंप आणि दुचाकींचं. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायची मशीनं, वर्षाकाठी मोजकी हाताखाली येतात. पण फवारणी पंप आणि टू-स्ट्रोक आउटबोर्ड यांचं पोट सारखंच. पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं, हंगाम संपला की कोपऱ्यात उभं करायचं आणि पुढच्या हंगामात ते पेटत नाही म्हणून कपाळाला हात लावायचा. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण यात एकामागे एक अशा दोन चुका झाल्या. पहिली मासेमारांची, दुसरी माझी. दोन्ही वेळा समोर दिसणारी खूण खरी होती, तिचा अर्थ आम्ही चुकीचा लावला.

बोट मच्छीमार संस्थेची, फायबरची. मागे दोन सिलिंडरचं, पंचवीस हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन. सेल्फ आहे आणि अडीअडचणीला दोरीही आहे. कार्बोरेटर एकच. चोवीस लिटरची प्लास्टिकची टाकी बोटीत सुटी ठेवलेली, तिथून रबरी नळी मशीनला जाते आणि नळीच्या मधोमध हाताने दाबायचा फुगा.

पावसाळा ओसरला आणि गोसेखुर्द धरणाच्या तेहेतीस दरवाजांमागे पाणी चढलं की वैनगंगेचं पात्र ओळखू येत नाही. उन्हाळ्यात जिथे जाळं टाकलं ती जागा आता काठापासून लांब असते. पहाटे ढिवर बांधव आपापल्या डोंग्यातून जाळी उचलतात आणि ही मोटारबोट फिरून कटला, रोहू, मृगळ गोळा करून काठावर बर्फापर्यंत आणते. बोट बंद म्हणजे तेवढं अंतर वल्ह्याने, तेही जलपर्णीतून वाट काढत. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि तिथून वैनगंगेला मिळतं, त्यावर ही जलपर्णी माजते. मासोळी उन्हं चढल्यावर काठाला आली की व्यापारी भाव पाडतो. म्हणून चार दिवस ही लहान गोष्ट नव्हती.

तक्रारीत अर्धं निदान

"फिरते पण पेटत नाही" हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. मशीन सेल्फवर जोरात फिरतं म्हणजे बॅटरीत दम आहे, सेल्फ मोटर चालू आहे, गिअर न्यूट्रलमध्ये आहे (गिअर अडकलेला असेल तर सेल्फ फिरूच देत नाही) आणि इंजिन जाम झालेलं नाही. एवढ्या गोष्टी फोनवरच बाजूला झाल्या. उरल्या तीन: ठिणगी, पेट्रोल, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). या तिन्हींपैकी सिलिंडरमध्ये कोणती पोचत नाही एवढंच शोधायचं असतं.

मी फोनवर तीन प्रश्न विचारले. मशीन शेवटचं कधी चाललं? मे महिन्याच्या शेवटी. बंद करताना कसं बंद केलं? चावी फिरवून, नेहमीसारखं. टाकीत तेव्हाचं पेट्रोल होतं का? "होतं ना जी, आठ-नऊ लिटर. ते वाया कायले घालवाव?"

त्या तिसऱ्या उत्तरापाशी मी जास्त वेळ थांबायला हवं होतं. ते पुढे येईलच.

काठावर पोचलो तेव्हा

मी पोचलो तोवर चार-पाच जणांचे उपाय करून झाले होते. प्लग बदलले होते, जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलचे. चुडी (आटे) आणि लांबी जुळली हे नशीब. लांबी जास्त असती तर प्लगचं टोक पिस्टनला लागलं असतं. गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, मात्र कमी होती. मॅन्युअलमध्ये एक मिलिमीटर दिली होती, यांच्यात त्याच्या जवळपास निम्मी. ट्रॅक्टरच्या बॅटरीने जोर देऊन सेल्फ इतका मारला होता की सेल्फ मोटर हाताला चटका देत होती. सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये, मध्ये थंड होऊ द्यावा, हे मी तिथेच सांगितलं.

एका पोराने कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल शिंपडून पाहिलं होतं. तेव्हा मशीन "दोन सेकंद भडकून विझली" असं तो ओशाळून म्हणाला. उघड्या पेट्रोलशी असा खेळ करू नये, इंजिनने उलट ज्वाळा फेकली तर तोंड भाजतं. पण त्याने सांगितलं हे फार बरं केलं. दोन सेकंद का होईना, मशीन पेटलं म्हणजे ठिणगी आणि कॉम्प्रेशन कामापुरते आहेत आणि संशय पेट्रोलकडे वळतो.

तरी मी क्रम सोडला नाही. किल स्विचची, म्हणजे मशीन तातडीने बंद करायच्या बटणाची, लाल दोरीवाली क्लिप आधी पाहिली. ती निघालेली असेल तर या मशीनचा सेल्फ फिरतो पण ठिणगी येत नाही, आणि माणूस दिवसभर कार्बोरेटर खोलत बसतो. क्लिप जागेवर होती. मग मशीनचा खालचा भाग पाण्याने भरलेल्या अर्ध्या ड्रममध्ये उतरवला. आउटबोर्ड कोरडं चालवलं तर थंड पाणी ओढणारं रबरी चक्र काही सेकंदांत जळतं, आणि एका बिघाडाच्या शोधात दुसरा पदरी येतो.

प्लग काढले. दोन्ही कोरडे. एकाच सिलिंडरचा कोरडा असता तर विचार वेगळा झाला असता, पण दोन्ही सारखेच कोरडे म्हणजे अडचण वाट दुभंगायच्या आधी कुठेतरी आहे. ठिणगी पाहिली: प्लग टोपीत घालून त्याची धातूची बाजू इंजिनच्या उघड्या धातूला पक्की टेकवून, प्लगच्या भोकांपासून आणि टाकीपासून दूर. निळी, कडक, आवाज करणारी. टोपी हवेत लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नये, सीडीआयच्या (ठिणगी देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीच्या) कॉईलला ते सोसत नाही. कॉम्प्रेशन गेजवर दोन्ही सिलिंडर शंभर पीएसआयच्या वर आणि एकमेकांच्या जवळ होते.

उरलं पेट्रोल. आणि इथे सगळे एकमुखाने म्हणाले, "पेट्रोल तं जाऊनच राहिलं, भाऊ. फुगा पाहा ना, कसा टनक होते."

टणक फुगा काय सांगतो

फुगा मी दाबला. खरंच दगडासारखा टणक. तिथले सगळ्यात जाणते काकाजी, ज्यांनी हे मशीन आल्यापासून हाताळलंय, ते समजावून सांगत होते की फुगा टणक झाला म्हणजे कार्बोरेटर भरला. नेहमीचा अनुभव तोच आहे. फुग्यात दोन एकमार्गी झडपा असतात. दाबला की पेट्रोल मशीनकडे जातं, सोडला की टाकीतून भरतं. कार्बोरेटरची वाटी भरली की आतला फ्लोट (तरंगता भाग) वर उचलला जातो, त्यावरची सुई वाट बंद करते, पेट्रोलला पुढे जागा उरत नाही आणि फुगा टणक लागतो. रोज सकाळी हेच घडतं, म्हणून टणक फुगा आणि भरलेली वाटी या दोन गोष्टी डोक्यात एकच होऊन बसतात.

पण फुगा फक्त इतकंच सांगतो की पुढची वाट बंद आहे. भरल्यामुळे बंद की अडकल्यामुळे, हे त्याला ठाऊक नसतं. प्लग कोरडे आणि फुगा टणक हे दोन्ही एकदम खरं असेल, तर भरल्यामुळे बंद हे उत्तर बसत नाही.

कार्बोरेटरच्या वाटीला तळाशी एक छोटा स्क्रू असतो, पाणी-कचरा काढायचा. खाली वाटी धरून तो सैल केला. भरलेली वाटी असती तर धार लागली असती. दोन थेंब पडले, तेही मधासारखे पिवळे. काकाजी पुढे झुकले. "म्हंजे रिकामाच हाय का गा हा?"

आता अडथळा नेमका कुठे, एवढंच राहिलं. मशीनला जोडणारी नळी काढून फुगा दाबला तर जोरात धार आली, म्हणजे टाकी, नळी, फुगा मोकळे. पारदर्शक फिल्टर स्वच्छ. पुढे पेट्रोल पंप, जो टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेसच्या दाबाच्या ठोक्यांवर चालणारा पडदा असतो. पंपातून बाहेर पडणारी नळी कार्बोरेटरजवळ काढली आणि फुगा दाबला. तिथेही धार. म्हणजे पेट्रोल कार्बोरेटरच्या दारापर्यंत येऊन थांबत होतं.

कार्बोरेटर उतरवून वाटी उघडली. तळाला तपकिरी वार्निशसारखा थर, ॲल्युमिनियमवर पांढरी बुरशी आल्यासारखी खरड, आणि सुई आपल्या बैठकीत अशी चिकटलेली की बोटाने फ्लोट खाली केला तरी ती सुटली नाही. मे महिन्यात वाटीत राहिलेलं पेट्रोल चार महिन्यांत उडून गेलं, मागे तेल आणि डिंक उरला, त्या डिंकाने सुई दारात चिकटवून टाकली. मंदगतीचं बारीक जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं पितळी भोक, तेही बुजलं होतं.

कार्बोरेटर क्लीनर, नंतर हवा. जेटमध्ये तार घालायची नाही, हे दुकानातल्या पोरांना मी शंभरदा सांगतो. पितळेचं भोक एका केसाने मोठं झालं तरी मिश्रण बिघडतं. सुईच्या रबरी टोकावर खाच पडलेली नव्हती, म्हणून तीच ठेवली. प्लगची गॅप मॅन्युअलप्रमाणे केली. मी दुकानातून आणलेलं ताजं पेट्रोल, लिटरला वीस मिली तेल घालून, माझ्या छोट्या कॅनमधून जोडलं. फुगा दाबला, आधी मऊ लागला, मग हळूहळू टणक झाला. चोक ओढला, सेल्फ मारला, तिसऱ्या दमाला मशीन पेटलं. ड्रममध्ये दहा मिनिटं चालवलं. थंड पाण्याची बारीक धार मागून नीट येत होती. चहा झाला आणि मी गावाकडे निघालो.

दुसरा फोन

मी घरी पोचलोही नव्हतो. मशीन काठावर पहिल्या सेल्फला पेटलं, बोट दोन-तीनशे मीटर गेली आणि अडखळत बंद पडली. आता पुन्हा तेच, फिरते पण पेटत नाही. पोरांनी वल्ह्याने बोट परत आणली होती.

ही चूक माझी, आणि ती सरळ आहे. मी मशीन तपासलं माझ्या कॅनवर. चालवायला त्यांनी जोडली त्यांची टाकी. त्या टाकीत मे महिन्याचं आठ-नऊ लिटर होतं आणि त्यावर त्यांनी ताजं दहा लिटर ओतलं होतं. टाकी उघडून पाहा, हे मी म्हटलंच नाही. फोनवर "ते वाया कायले घालवाव" ऐकूनसुद्धा.

परत गेलो. या वेळी प्लग काढले तर दोन्ही ओले. ओला प्लग म्हणजे पेट्रोल जास्त झालं, चोक चुकला, इंजिन बुडालं, असाच आपला समज. पोरांनी प्लग काढून भोकं मोकळी ठेवून सेल्फ मारून सिलिंडर सुकवायचा विचारही केला होता. मी प्लगचं टोक कागदावर टेकवलं. पेट्रोलचा डाग काही क्षणांत उडतो आणि मागे तेलाची कड राहते. हा डाग उडेना. बोटाने चोळला तर बुळबुळीत लागेना. वासही पेट्रोलचा नव्हता, सॅनिटायझरसारखा होता.

पांढऱ्या काचेची बाटली मागवली. टाकी बोटीतून काढून जमिनीवर ठेवली, नळीने तळातलं पेट्रोल बाटलीत घेतलं आणि बाटली सावलीत अर्धा तास न हलवता ठेवली. वर निळसर पेट्रोल, कारण त्यात मिसळलेल्या तेलाचा रंग निळा. खाली जवळजवळ एक तृतीयांश, अगदी बिनरंगी, पाण्यासारखं. मधली रेघ सुरीने ओढल्यासारखी. काठावरचे सगळे वाकून वाकून पाहत होते. काकाजींनी बाटली उजेडाकडे धरली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

हा खालचा थर नुसतं पाणी नाही. आपल्याकडे फेब्रुवारी 2023 पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल टप्प्याटप्प्याने पंपांवर यायला लागलं. त्याआधी दहा टक्क्यांचं होतं. इथेनॉल पाण्याला धरून ठेवतं, पण एका मर्यादेपर्यंत. दहा टक्क्यांच्या पेट्रोलमध्ये ही मर्यादा लिटरमागे साधारण पाच मिली पाण्याची. वीस टक्क्यांचं त्याहून जास्त धरतं. मर्यादा ओलांडली किंवा रात्री गारवा पडला की इथेनॉल पेट्रोलचा हात सोडतं आणि पाण्याला घेऊन तळाला बसतं. टाकीतली ओढनळी तळालाच असते. म्हणजे मशीनला पहिला घास त्याच थराचा.

काठावर ते पहिल्या सेल्फला का पेटलं, याचं उत्तरही इथेच. कार्बोरेटरच्या वाटीत माझ्या कॅनमधलं चांगलं पेट्रोल शिल्लक होतं. दोन-तीनशे मीटर बोट त्यावर गेली. ते संपलं आणि तळाचा थर वर आला.

यात मला खरी काळजी वाटली ती वेगळ्या गोष्टीची. टू-स्ट्रोकमध्ये बेअरिंग आणि पिस्टनला तेल मिळतं ते पेट्रोलमधूनच. तेल वरच्या थरात राहतं, खालच्यात येत नाही. खालच्या थरावर मशीन अडखळत का होईना चालत राहिलं असतं, तर कोरड्या बेअरिंगवर चाललं असतं. ते लगेच बंद पडलं म्हणून वाचलं. मी प्लगच्या भोकातून दोन्ही सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं, फ्लायव्हील हाताने फिरवून पाहिलं. कुठे खरखर नाही, अडकणं नाही. कॉम्प्रेशन पुन्हा मोजलं, आधीइतकंच.

पाणी आलं कुठून

टाकीच्या झाकणावर हवेचा छोटा स्क्रू असतो. चालवताना तो उघडा लागतो, नाहीतर टाकीत पोकळी होऊन पेट्रोल येईनासं होतं. उभी करताना तो बंद करायचा. हा जूनपासून उघडाच होता. टाकी ताडपत्रीखाली होती, पण ताडपत्रीला झोळ पडून पाणी नेमकं टाकीवर साठत होतं. टाकीच्या वरच्या खोलगट भागात गाळाचा वाळलेला गोल वण दिसत होता, पाणी किती दिवस तिथे उभं होतं त्याची खूण. पूर्व विदर्भातला पावसाळा, चार महिने, उघडा स्क्रू. वेगळं कारण शोधायची गरज राहिली नाही.

बोट चालवणारा पोरगा हे ऐकून खाली मान घालून उभा होता. त्याला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. त्याच्या वडिलांनी आयुष्यभर डोंगा चालवला, वल्ह्याला स्क्रू नसतो. संस्थेला मशीन मिळालं तेव्हा मॅन्युअल कपाटात गेलं, तेही मराठीत नव्हतं. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "बाबू, तुझी चूक नाही. उद्यापासून हा स्क्रू तुझा."

केलेलं काम

टाकी पूर्ण रिकामी केली. तळातलं मिश्रण काठावर ओतू द्यायचं नव्हतं, त्याच पाण्यातली मासोळी आपण खातो. झाकणाच्या लोखंडी डब्यात भरून, वर खडूने "खराब" लिहून ते दुकानात नेलं. टाकी ताज्या पेट्रोलने दोनदा विसळली, उन्हात उलटी ठेवली. नळीचं एक टोक कापून आतून पाहिलं. इथेनॉलने जुन्या रबरी नळीचा आतला पापुद्रा सुटतो, आणि तो ओढ लागली की झडपेसारखा वाट बंद करतो. बाहेरून नळी छान दिसते, फुगा दाबला तर पेट्रोलही जातं, पण मशीन वेगाने ओढायला लागलं की बंद. इथे पापुद्रा सुटलेला नव्हता, पण आतलं रबर चिकट झालं होतं. नळी आणि फुगा नवे घ्यायला सांगितले. बहुतेक आउटबोर्ड कंपन्या मॅन्युअलमध्ये दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहितात. गावच्या पंपावर आपल्याला निवड नसते, म्हणून नळी, फुगा आणि पंपाचा पडदा हे झिजणारे भाग आहेत असंच धरून चालावं लागतं.

कार्बोरेटर पुन्हा उतरवला. वाटीत पाण्याचे गोल थेंब होते. साफ केला. नवं पेट्रोल, दहा लिटरला दोनशे मिली तेल, पाण्याने थंड होणाऱ्या मशीनसाठी असतं ते टीसी-डब्ल्यू३. त्यांच्याकडे मोटारसायकलचं टू-टी तेल होतं. ते हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं असतं, आउटबोर्डमध्ये राख धरतं. ते बाजूला ठेवायला लावलं.

या वेळी मी काठावरूनच परत फिरलो नाही. त्यांच्याच टाकीवर, त्यांच्याच नळीने, बोटीत बसून गेलो. पोरगा सुकाणूला. जाळ्यांच्या ओळीपर्यंत आणि परत, पाऊण तास. मध्ये दोनदा मशीन मुद्दाम बंद करून गरम असताना पुन्हा पेटवलं, कारण काही बिघाड फक्त गरमपणी दिसतात. दोन्ही वेळा पहिल्या सेल्फला पेटलं. एकदा जलपर्णीत पंखा गुंतला तेव्हा थंड पाण्याची धार बारीक झाली. पोराला ती धार दाखवली. जलपर्णीत ती कमी झाली की लगेच मशीन बंद करून, वर उचलून, पाणी ओढायच्या जाळ्या मोकळ्या करायच्या. काकाजी पुढच्या फळीवर बसून डोंग्यातल्या लोकांना हात करत होते.

परत आल्यावर पोराला शेवटची गोष्ट करून दाखवली. काठाला लागताना मशीन चालू असतानाच नळीचा जोड काढायचा आणि वाटीतलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडू द्यायचं. रोज नाही, आठ दिवसांहून जास्त उभं राहणार असेल तेव्हा. मशीन मिनिटभर चाललं, थोडं तेज झालं, मग शांत झालं. मग पोराने स्वतःहून वाकून टाकीचा स्क्रू बंद केला.

पंपाच्या पडद्याचं किट नागपूरहून मागवलंय, ते आलं की बसवायला जाईन. काचेची बाटली मी परत मागितली नाही. काकाजींनी ती धुऊन, सुतळीने बोटीच्या फळीखाली बांधून ठेवली आहे.